आरोग्याचा ताळेबंद : चक्कर उचंत खात्यात ठेवू नका



बँकेत उभी हयात घालविलेल्या माणसाला एका खात्याची कायम धास्ती असते. ते म्हणजे उचंत खाते. ज्या रकमेचा मेळ संध्याकाळपर्यंत लागत नाही ती तात्पुरती तिथे टाकावयाची आणि दुसऱ्या दिवशी शोध घेऊन योग्य खात्यात वर्ग करावयाची, असा नियम असतो. प्रत्यक्षात ती ‘तात्पुरती’ रक्कम महिनोन्‌महिने तिथेच पडून राहते आणि एके दिवशी तपासनीस विचारतो, “ही रक्कम कोणाची?” तेव्हा उत्तर कोणापाशीच नसते. पेढीवर बसणाऱ्या आपल्या वाचकांस हे वेगळे सांगावयास नको.

आयुष्यभर इतरांची उचंत खाती तपासणाऱ्या मी स्वतःच्या प्रकृतीची एक नोंद मात्र तब्बल आठ महिने अशीच पडू दिली. त्या नोंदीचे नाव चक्कर. आजचा लेख तिच्याविषयी आहे.

दोन वर्षांपूर्वीच्या मार्गशीर्षातली गोष्ट. पहाटे सामायिकासाठी उठावे म्हणून अंथरुणात उजव्या कुशीवर वळलो आणि छत, पंखा, खिडकी, सारे काही गरगर फिरू लागले. पलंगाची कड दोन्ही हातांनी घट्ट धरली. अर्ध्या-पाऊण मिनिटात सारे शांत झाले. पण अंगाला दरदरून घाम सुटला होता आणि मळमळत होते. सौभाग्यवती घाबरून उठल्या. “अहो, छातीत दुखतंय का?” हा त्यांचा पहिला प्रश्न. छातीत दुखत नव्हते. हात-पाय हलत होते, वाचाही शाबूत होती. थोड्या वेळाने वंदनेसाठी मस्तक जमिनीला टेकवले आणि तोच प्रकार पुन्हा घडला.

त्यानंतर जे घडले ते आपल्यापैकी अनेकांच्या घरी घडले असेल. रक्तदाब मोजला, तो किंचित वाढलेला निघाला. कोणी पित्त म्हणाले, कोणी अशक्तपणा. मानेचा एक्स-रे काढला. त्यात मणक्यांची झीज दिसली. साठी उलटलेल्या कोणाच्याही मानेत ती थोडीबहुत दिसतेच, हे मला पुढे कळले. मानेला पट्टा आला, चक्कर थांबविणाऱ्या गोळ्या आल्या. गोळ्यांनी झापड येई, चक्कर मात्र आपल्या वेळेला येतच राहिली. मी स्कूटर चालविणे सोडले. वरच्या फळीवरचा डबा काढणे सोडले. प्रवरेच्या काठचे पहाटेचे फिरणे थांबले. नेवाशात पैस खांबाच्या मंदिरात जाऊन थोडा वेळ शांत बसण्याची माझी जुनी सवय. तिथेही नातवाचा हात धरून जाऊ लागलो. ज्या खांबाला टेकून शके १२१२ मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली गेली अशी श्रद्धा आहे, त्या खांबाकडे पाहताना एकदा मनात आले, आपल्याला आता टेकायला काय उरले? सर्वांत अधिक सलत होते ते वंदना करता न येणे. डोके झुकविण्याचीच भीती बसली होती.

आठ महिन्यांनी एका नातलगाच्या आग्रहावरून साठेक किलोमीटरवरील अहिल्यानगरला एका कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे गेलो. डॉक्टरीणबाई माझ्या मुलीच्या वयाच्या. फाइल बाजूला ठेवून त्यांनी विचारले, “काका, चक्कर येते म्हणजे नेमके काय होते?” आठ महिन्यांत हा प्रश्न मला कोणी विचारला नव्हता आणि मीही आपणहून सांगितले नव्हते. खोली फिरते, की डोळ्यांपुढे अंधारी येते? किती वेळ टिकते, सेकंद, मिनिटे, की तास? कशाने येते, कूस बदलल्याने, उभे राहिल्याने, की काहीच न करता? सोबत ऐकू कमी येते का, कानात आवाज येतो का? असे चारच प्रश्न.

नंतर त्यांनी मला तपासणीच्या पलंगावर बसविले, मान उजवीकडे वळविली आणि डोके पलंगाच्या कडेखाली थोडे लोंबेल अशा बेताने मला झटकन आडवे केले. डोळे उघडे ठेवावयास सांगितले. दोन-चार सेकंद काहीच झाले नाही आणि मग तीच ओळखीची गरगर सुरू झाली. बाई माझ्या डोळ्यांकडे पाहत होत्या. शेजारी उभ्या असलेल्या मुलालाही त्यांनी दाखविले, की वडिलांची बुबुळे ठरावीक लयीत आपोआप फिरताहेत. यास नेत्रदोलन म्हणतात. अर्ध्या मिनिटात ते थांबले. ना यंत्र, ना सुई. त्या म्हणाल्या, “दोष मानेत नाही, उजव्या कानात आहे.”

येथे कानाची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आपण ज्याला कान म्हणतो तो केवळ दर्शनी भाग. आत, कवटीच्या अतिशय कठीण हाडात, अंतर्कर्ण दडलेला असतो. त्याचे एक अंग शंखासारखे असून ते ऐकण्याचे काम करते. दुसरे अंग तोल सांभाळते. त्यात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नलिका एकमेकींशी काटकोनात बसविलेल्या असतात. डोके कोणत्याही दिशेस वळले तरी एखादीतील द्रव हलतो आणि मेंदूला वर्दी जाते. नलिकांच्या पायथ्याशी दोन पिशव्या असून त्यांत कॅल्शियमचे अतिसूक्ष्म कण एका पडद्यावर चिकटलेले असतात; डोके किती कलले, हे त्यांच्या वजनावरून कळते. वय, डोक्यास लागलेला मार, कधी अंतर्कर्णाची सूज, तर कधी काहीच कारण न सापडता हे कण सुटून नलिकेत शिरतात. मग कूस बदलली की कण घरंगळतात, द्रव ढवळला जातो आणि डोके स्थिर असूनही ते फिरत असल्याची खोटी वर्दी मेंदूला मिळते. खोट्या व्हाउचरवर खरी रक्कम अदा व्हावी, तसा हा प्रकार. या विकारास डॉक्टर मंडळी ‘बीपीपीव्ही’ म्हणतात. अंतर्कर्णातून उद्भवणाऱ्या भोवळीचे हे सर्वाधिक आढळणारे कारण आहे.

माझ्यावर केलेल्या तपासणीस ‘डिक्स-हॉलपाइक’ म्हणतात. लंडनच्या मार्गारेट डिक्स आणि चार्ल्स हॉलपाइक यांनी ती १९५२ मध्ये वर्णन केली. म्हणजे ती माझ्याहूनही वयाने मोठी आहे! उपचार त्याहून साधा निघाला. डोके क्रमाक्रमाने चार स्थितींत वळवून ते कण नलिकेबाहेर, मूळ जागी घरंगळू द्यावयाचे. अमेरिकेतील डॉ. जॉन एप्ली यांनी ही कृती प्रथम मांडली तेव्हा त्यांच्या व्यवसायबंधूंचा तीवर विश्वास बसेना. त्यांचा सविस्तर लेख १९९२ मध्ये प्रसिद्ध झाला आणि आज जगभर हीच कृती केली जाते. मला पाच-सात मिनिटे लागली. खर्च तपासणी फीचा. दुसऱ्या दिवशी पहाटे मी उजव्या कुशीवर वळलो आणि छत जागच्या जागी राहिले.

आनंद झाला, पण त्याहून अधिक खंत वाटली. दोष कोणा एकाचा नव्हता. मी ‘चक्कर येते’ एवढेच सांगत राहिलो आणि नाव न विचारता मिळेल ती गोळी घेत राहिलो. चक्करेवरील गोळ्या पहिल्या काही दिवसांच्या तीव्र त्रासात उपयोगी पडतात. परंतु त्या महिनोन्‌महिने चालू ठेवल्यास मेंदूची स्वतःहून तोल सावरून घेण्याची क्षमता मंदावते आणि त्यांतील काहींनी वृद्धांच्या हातास कंपवातासारखे कंपही येऊ शकतात. अर्थात सुरू असलेली गोळी मनाने बंद करू नये. डॉक्टरांना ‘ही किती दिवस?’ असे अवश्य विचारावे.

भोवळीचे मूळ कानात असू शकते, हे वैद्यकासही उशिरा उमगले. पूर्वी अशा रुग्णास मेंदूत रक्त चढल्याचा विकार ठरवीत. पॅरिसमधील मूकबधिर संस्थेचे वैद्य प्रॉस्पर मेनिए यांनी १८६१ मध्ये प्रथम ठामपणे मांडले, की भोवळ, कानातील आवाज आणि बहिरेपण ही तिन्ही अंतर्कर्णाच्या बिघाडातून येऊ शकतात. आजही एका विकारास त्यांचे नाव आहे.

त्यानंतर व्हिएन्नाचे डॉ. रॉबर्ट बारानी. रुग्णांचे कान पिचकारीने धुताना त्यांना भोवळ येते, हे त्यांनी पाहिले होते. एका रुग्णाने सांगितले, की पाणी गार असले तरच आपल्याला चक्कर येते. तेव्हा बारानींनी मुद्दाम अधिक ऊन पाणी वापरून पाहिले. भोवळ पुन्हा आली. पण या खेपेस बुबुळे उलट दिशेने फिरत होती. गार पाणी खाली बसते आणि ऊन पाणी वर चढते, हा घरच्या बंबातला नियम कानातील द्रवासही लागू आहे, हे त्यांनी ओळखले. त्यावरून एकेका कानाची स्वतंत्र परीक्षा घेण्याची पद्धत निघाली. तिच्यासह या साऱ्या संशोधनास १९१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले; त्या वेळी बारानी रशियात युद्धकैदी होते. ही ‘कॅलोरिक’ तपासणी आजही होते: ३० अंश आणि ४४ अंश सेल्सियसच्या पाण्याने, म्हणजे शरीराच्या तापमानाहून सात अंश खाली आणि सात अंश वर. दोन्ही कानांची उत्तरे जुळली नाहीत, तर कोणता कान दुबळा हे कळते. दोन खात्यांचा ताळा घ्यावा, तसेच हे.

आता यंत्रांविषयी. ज्यांचे निदान नुसत्या पलंगावर होत नाही त्यांच्यासाठी ती आहेतच. ‘व्हीएनजी’मध्ये कॅमेरे बसविलेला चष्मा डोळ्यांवर चढवितात, अंधारातही बुबुळांची प्रत्येक हालचाल पडद्यावर उमटते. ‘व्हीएचआयटी’मध्ये डोके हलकेच पण झटक्याने वळवून सहाही नलिका, प्रत्येक कानाच्या तीन, वेगवेगळ्या तपासतात. ‘व्हेंप’मध्ये कानात आवाज सोडून मानेच्या किंवा डोळ्याच्या स्नायूंची प्रतिक्रिया मोजतात, त्यावरून त्या कणांच्या पिशव्यांची स्थिती कळते. आणि ऑडिओमेट्री, म्हणजे श्रवणमापन, ही तर भोवळीच्या बहुतेक रुग्णांची पायाभूत तपासणी. बंद खोलीत प्रत्येक कानाला किती बारीक आवाज ऐकू येतो याचा आलेख निघतो. एका कानाचे ऐकणे दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे कमी भरले, तर श्रवणतंत्रिकेवर गाठ नाही ना हे पाहण्यासाठी एमआरआय सुचवितात. तेथे तो खर्च रास्त आहे. मात्र कूस बदलताच अर्धा मिनिट येणारी भोवळ असेल, तर एमआरआयआधी पलंगावरची ती एक मिनिटाची तपासणी झाली का, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे.

व्हीएनजीस जाताना थोडी तयारी लागते. चक्करेच्या गोळ्या आधी एक-दोन दिवस थांबवाव्या लागतात, पण त्या डॉक्टरांनी सांगितल्यानंतरच. पोट फार भरलेले नसावे. भगिनींनी काजळ लावून जाऊ नये. कॅमेरा काळ्या काजळालाच बुबुळ समजतो. सोबत कोणीतरी असावे, कारण तपासणीत भोवळ मुद्दाम आणतात आणि ती ओसरेपर्यंत जरा बसावे लागते. लहानपणी किंवा तरुणपणी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिनची इंजेक्शने घेतली असतील तर तेही सांगावे. ते औषध अंतर्कर्णाच्या तोल सांभाळणाऱ्या अंगास इजा करू शकते.

इथवर वाचून कोणास वाटेल, चला, आठ महिने गेले तरी बिघडले काय? बरे झालात ना? म्हणूनच दुसरी गोष्ट सांगणे भाग आहे.

माझे एक मेहुणे कापडाचे व्यापारी. ऐन लग्नसराईत एका सकाळी त्यांचा डावा कान अचानक दडे बसल्यासारखा झाला, आत शिट्टीसारखा आवाज सुरू झाला आणि थोडी भोवळ आली. त्यांना वाटले, सर्दी असेल, मळ असेल. कोमट तेल घातले. ओळखीच्या औषध दुकानातून थेंब आणले. “गर्दी ओसरू दे, मग दाखवतो,” असे म्हणत पाच आठवडे गेले. दुकानातून हलावयास सवड नव्हती, हे खरेच होते. श्रवणमापनाचा आलेख आला तेव्हा डाव्या कानाची रेषा पार तळाशी होती. डॉक्टर म्हणाले, की आतल्या कानाचे ऐकणे असे एकाएकी गेले तर ती तातडीची बाब असते. स्टेरॉइडचा उपचार जितका लवकर, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांच्या आत, तितकी आशा अधिक. त्यांनी नंतरही प्रयत्न केले. ऐकणे परत आले नाही.

लवकर गेले असते तर नक्की परत आले असते, असे मी म्हणणार नाही. काहींचे उपचाराशिवायही परत येते, काहींचे उपचार करूनही येत नाही. परंतु आपण कोणत्या गटातले, हे आधी कोणास ठाऊक असते? आणि मळ की तंत्रिका, हे ओळखण्याची पहिली परीक्षा किती साधी! ट्यूनिंग फोर्क वाजवून कपाळाच्या मध्यभागी टेकवितात. मळाने किंवा पडद्यामागे पाणी साचल्याने दडा बसला असेल तर नाद त्याच कानात मोठा वाटतो. तंत्रिकेचा दोष असेल तर तो चांगल्या कानाकडे सरकतो. एवढी परीक्षा पहिल्या दिवशी झाली असती तर पुढचा प्रश्न त्याच दिवशी उभा राहिला असता.

आज मेहुणे गिऱ्हाइकाला हाताने खूण करून उजव्या बाजूस बसवितात. त्यांची धाकटी नात मात्र ते विसरते. ती डाव्या कानाशी तोंड नेऊन काहीतरी गुपित सांगते आणि ते हसून मान डोलावतात. तिला वाटते, आजोबांना कळले.

माझी रक्कम उचंत खात्यात पडून राहिली, तरी शेवटी परत मिळाली. त्यांची बुडाली.

तिसरी नोंद सर्वांत गंभीर, म्हणून ती पाठ असू द्यावी. भोवळ कानाची नसून मेंदूच्या मागील भागातील रक्तपुरवठा अडल्याची असू शकते. भोवळीबरोबर एकाच्या दोन वस्तू दिसणे, बोलणे अडखळणे, चेहरा वाकडा होणे, हात-पाय लुळा पडणे किंवा बधिर होणे, आधाराशिवाय उभेही राहता न येणे, एकाएकी तीव्र डोकेदुखी, यांपैकी काहीही असल्यास कानाच्या तज्ज्ञाची वाट पाहू नये. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी किंवा थेट मोठ्या रुग्णालयाचा आकस्मिक विभाग गाठावा. रक्ताची गुठळी विरघळविणारे औषध पहिल्या साडेचार तासांतच देता येते. येथेही डॉक्टर डोळे पाहतात. रुग्णाचे डोके झटक्याने वळविले असता नजर लक्ष्यावरून घसरून मग परत आली, तर दोष बहुधा कानाचा; भोवळ अखंड चालू असूनही नजर लक्ष्यावर पक्की राहिली, तर मेंदूचा संशय अधिक. सिडनीच्या हालमागी व कर्टहॉइझ यांनी १९८८ मध्ये ही परीक्षा मांडली. पक्षाघाताच्या पहिल्या एक-दोन दिवसांत कधी एमआरआयही निर्दोष दिसतो, तेव्हा अनुभवी डॉक्टरांना या परीक्षेचा मोठा आधार असतो.

पर्युषणात किंवा तपश्चर्येच्या दिवसांत उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणे हा प्रकार आणखी निराळा. त्यात खोली फिरत नाही. रक्तदाब उतरल्याने किंवा शरीरातील पाणी कमी झाल्याने घेरी येते. तिचा कानाशी संबंध नाही. रक्तदाबाच्या वा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्या तपस्वींनी तप आरंभण्यापूर्वीच गोळ्यांविषयी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. मेनिएच्या विकारात मात्र भोवळ तासन्‌तास टिकते, कान भरून येतो, ऐकणे कमी-जास्त होते. त्यात मीठ कमी करण्यास सांगतात. म्हणजे पापड-लोणच्यांवर सक्तीचा संयम.

मी वैद्य नव्हे. मोबाईलवर चित्रफीत पाहून एप्लीची कृती घरी करून पाहणाऱ्यांना माझी विनंती, की कोणता कान आणि कोणती नलिका हे आधी तज्ज्ञाकडून ठरवून घ्यावे. चुकीच्या बाजूने केलेली कृती वाया जाते. मानेचा किंवा मणक्याचा मोठा विकार असल्यास तर ती मुळीच मनाने करू नये.

डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहून न्याव्या: खोली फिरते की अंधारी येते, किती वेळ टिकते, कशाने येते, कानाची काय तक्रार आहे. पाचव्या ओळीत सध्याच्या साऱ्या गोळ्यांची नावे. शक्य असल्यास भोवळ आली असताना घरच्यांनी मोबाईलवर डोळ्यांचे चित्रण करून ठेवावे. पुष्कळदा दवाखान्यात पोहोचेपर्यंत भोवळ निघून गेलेली असते आणि ते चित्रणच साक्ष देते.

जाता जाता एक कबुली. हा विकार पुन्हा उद्भवू शकतो आणि माझ्या बाबतीत तो उद्भवला. या वर्षी चैत्रात, एका पहाटे, छत पुन्हा फिरले. पण या वेळी भीती नव्हती. कागदावर चार ओळी लिहिल्या, नेवासा फाट्यावरून सकाळची एसटी धरली आणि दुपारी जेवावयास घरी परत आलो. दुसऱ्या दिवशी पहाटे वंदनेसाठी निर्धास्तपणे मस्तक टेकविले.

आपल्या घरात कोणाची चक्कर आज कोणत्या खात्यात पडून आहे, हे आजच संध्याकाळी विचारून पाहावे, ही विनंती.